एलईडी वापरून प्लँकचा स्थिरांक: प्रयोग कोणत्या क्रमाने करायचा आणि आकडा कुठे बिघडतो

पॉट (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा पोटेन्शियोमीटर) हळूहळू फिरवायचा, एलईडी ‘पेटला’ असं वाटलं की व्होल्टमीटर वाचायचा, तो आकडा सूत्रात टाकायचा, उत्तर साडेपाच आलं की प्रमाण उत्तराकडे, म्हणजे ६.६२६ कडे (दोन्ही गुणिले १०^-३४ जूल-सेकंद), जरा ढकलायचं आणि वही सही करायला द्यायची. प्लँकच्या स्थिरांकाचा प्रयोग बऱ्याच प्रयोगशाळांत असाच उरकला जातो. यात हाताची चूक फारशी नसते, चूक पद्धतीत असते. खालची पद्धत शंभर मायक्रोॲम्पियरच्या आसपास चालते, तिला एकच मल्टिमीटर पुरतो, आणि एलईडी जळण्याची भीतीही जवळपास नाही. मात्र टप्प्यांचा क्रम मोडू नका.

(या लेखात ^ हे चिन्ह घातासाठी वापरलं आहे. १०^१४ म्हणजे दहाचा चौदावा घात.)

आधी हे समजून घ्या: ‘पेटण्याचं व्होल्टेज’ असं काही नसतं

एलईडीतून बाहेर पडणाऱ्या एका फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा म्हणजे प्लँकचा स्थिरांक गुणिले वारंवारता. जंक्शन (एलईडीतल्या दोन अर्धवाहक थरांची सीमा) ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे त्याचा विद्युतभार गुणिले व्होल्टेज. दोन्ही साधारण सारख्या धरल्या, तर व्होल्टेज विरुद्ध वारंवारता हा आलेख सरळ रेषेत येतो आणि तिचा चढ म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा भार.

यातला ‘साधारण’ हा शब्द सगळा घोळ करतो. एलईडी हा खटक्यासारखा चालू-बंद होत नाही. त्यातली धारा घातांकी वाढते: खोलीच्या तापमानाला व्होल्टेज ६० ते १२० मिलिव्होल्टने वाढवलं की धारा दसपट होते. धारा दहा मायक्रोॲम्पियर असताना प्रकाश असतो, एक असतानाही असतो, फक्त अंधुक. मग ‘आत्ता पेटला’ हे ठरवतं कोण? तुमचा डोळा. आणि डोळा सगळ्या रंगांना सारखा न्याय देत नाही. उजेडात त्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट-पिवळ्या रंगाला, सर्वांत जास्त असते. ४०० नॅनोमीटरचा जांभळा त्याला जेमतेम दिसतो, ९४० चं अवरक्त (इन्फ्रारेड) दिसतच नाही. म्हणजे प्रत्येक रंगाचं वाचन वेगळ्याच धारेवर घेतलं जातं आणि ती चूक थेट चढात शिरते.

उपाय सोपा आहे. एलईडीकडे बघायचं नाही. प्रत्येक एलईडीतून तीच धारा जाऊ द्यायची आणि व्होल्टेज नोंदवायचं. धारा सारखी ठेवली की घातांकी वक्रामुळे येणारा फरक बऱ्याच अंशी सगळ्या एलईडींत सारखाच राहतो. तो रेषेला वर-खाली सरकवतो, चढ मात्र फारसा बिघडवत नाही.

टप्पा १: सामान

- पेन्सिल सेल ४ आणि चार सेलचा होल्डर (एकूण ६ व्होल्ट). मोबाइलचा चार्जर आणि यूएसबी वायर चालते, पण काही चार्जरांच्या गोंगाटामुळे मल्टिमीटरचा शेवटचा आकडा नाचतो. सेल बरे.
- पॉट एक, लिनिअर, १ के ते १० के (के म्हणजे किलोओहम) यांपैकी कोणताही. त्यावर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर बघून घ्या. ‘ए’ असलेला लॉगचा, आवाज कमी-जास्त करायचा असतो. तो एका टोकाला अजिबात हलत नाही आणि दुसऱ्या टोकाला उडी मारतो.
- १० किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर एक. पट्ट्या तपकिरी, काळी, नारिंगी, सोनेरी. तिसरी पट्टी लाल असेल तर तो १ के, पिवळी असेल तर १०० के.
- ५ मिलिमीटरचे एलईडी: अवरक्त, तांबडा, पिवळा, निळा आणि मिळाला तर जांभळा. प्रत्येकी दोन.
- ब्रेडबोर्ड (भोकांत पाय खोचून जोडणी करायचा बोर्ड), सात-आठ जंपर वायरी.
- डिजिटल मल्टिमीटर एक. पिवळा, स्वस्तातला चालेल.
- डिफ्रॅक्शन ग्रेटिंग (प्रकाशातले रंग वेगळे करणारी, बारीक समांतर रेषांची पट्टी): मिलिमीटरला ५०० रेषांचं, किंवा कॉलेजात असतं ते इंचाला १५,००० रेषांचं.
- मीटरपट्टी, काळा कागद, आलेखाची वही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. दुकानात ‘निळा एलईडी’ एवढंच मागू नका. तरंगलांबी किती, हे विचारा. डेटाशीट (कंपनीने दिलेला माहितीचा कागद) मिळालं तर सोन्याहून पिवळं.

रेझिस्टर १० के का, नेहमीचा ३३० ओहम का नाही, हा प्रश्न येईलच. एक म्हणजे, ६ व्होल्टवर नॉब पूर्ण फिरवला तरी तांबड्या एलईडीतून अर्ध्या मिलिॲम्पियरहून कमी धारा जाते, म्हणजे काही जळणार नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: ३३० ओहम लावला तर १०० मायक्रोॲम्पियरवर नेमकं थांबणं हाताला जमत नाही, नॉब केसभर हलला की धारा भलतीकडे जाते. १० के लावला की तीच धारा साधायला नॉबला ऐसपैस जागा मिळते. शिवाय हिशेब तोंडी होतो: रेझिस्टरवर १ व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोॲम्पियर.

रेझिस्टरमधला ५ टक्के फरक मनावर घेऊ नका. सगळ्या एलईडींना तोच एक रेझिस्टर वापरायचा आहे, त्यामुळे धारा खरोखर ९६ असली तरी सगळ्यांना ९६ च असेल. मधेच रेझिस्टर बदलला तर मात्र पहिल्यापासून सुरुवात करा.

टप्पा २: कोणते एलईडी बाद करायचे

निम्मे बिघडलेले आलेख या टप्प्यावरच बिघडलेले असतात. खालचे एलईडी बाजूला काढा.

पांढरा, ‘वॉर्म व्हाइट’, गुलाबी: यांच्या आत निळी चिप असते आणि वर फॉस्फरचा (निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या पदार्थाचा) थर. दिसणारा रंग फॉस्फरचा, व्होल्टेज मात्र निळ्या चिपचं. एकच तरंगलांबी सांगताच येत नाही.

आपोआप रंग बदलणारा किंवा लुकलुकणारा: आत छोटी आयसी असते.

‘१२ व्होल्ट एलईडी’ म्हणून मिळणारा: आत रेझिस्टर बसवलेला असतो.

हिरव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो दोन प्रकारचा मिळतो आणि दोन्ही हिरवेच दिसतात. जुना, मंद, पिवळट हिरवा गॅलियम फॉस्फाइडचा, ५६५ ते ५७० नॅनोमीटरचा. नवा, झगझगीत, किंचित निळसर हिरवा इंडियम गॅलियम नायट्राइडचा, ५२० ते ५३० चा. जुन्याला नव्याची तरंगलांबी लावली की बिंदू रेषेपासून दूर फेकला जातो. नवा हिरवा तरंगलांबी बरोबर असूनही कधीकधी रेषेच्या जरा वर बसतो, कारण त्याच्या चिपमधले इतर तोटे निळ्यापेक्षा किंवा तांबड्यापेक्षा वेगळे असतात. पहिल्या प्रयत्नात हिरवा घेऊच नका. रेषा जमली की मग त्याचा बिंदू मांडून बघा.

तपासणी. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल प्रोब लांब पायाला, काळा आखूड पायाला. तांबडा आणि पिवळा अंधुक उजळतील आणि आकडा दिसेल. प्रोब उलटे केले की डावीकडे नुसता ‘१’ दिसला पाहिजे. निळ्या-जांभळ्याला सुलट जोडूनही ‘१’ येऊ शकतो. तो एलईडी खराब म्हणून टाकू नका. स्वस्त मल्टिमीटर त्या चाचणीत पुरेसं व्होल्टेजच देत नाही, एवढंच.

पाय कापलेले असतील तर प्लॅस्टिकच्या कडेची सपाट बाजू बघा. तो ऋण पाय.

टप्पा ३: तरंगलांबी

डेटाशीट असेल तर त्यात बहुधा दोन तरंगलांब्या दिलेल्या असतात: ‘पीक’ आणि ‘डॉमिनंट’. डॉमिनंट ही डोळ्याला जाणवणाऱ्या रंगाची. आपल्याला पीक हवी. तांबड्यात या दोन आकड्यांत सहज ८-१० नॅनोमीटरचा फरक असतो.

डेटाशीट नसेल तर ग्रेटिंगने मोजा. त्यासाठी एलईडी पेटता हवा, म्हणून एवढ्यापुरती टप्पा ४ मधली जोडणी आधी करून घ्या.

१. अंधाऱ्या खोलीत मीटरपट्टी भिंतीला आडवी लावा. एलईडी तिच्या मधोमध, तोंड तुमच्याकडे करून.

२. बरोबर ५० सेंटिमीटरवर ग्रेटिंग स्टँडमध्ये पट्टीला समांतर पकडा. हातात धरू नका.

३. ग्रेटिंगला डोळा लावून एलईडीकडे बघा. डाव्या-उजव्या बाजूला रंगीत पट्टे दिसतील. मधल्या ठिपक्यापासून पहिला पट्टा घ्यायचा.

४. जोडीदाराला पट्टीवरून पेन्सिल सरकवायला सांगा. पट्ट्याचा सर्वांत तेजस्वी भाग आणि पेन्सिल जुळली की थांबवा. दोन्ही बाजूंचं अंतर मोजून सरासरी घ्या.

५. ते अंतर भागिले ग्रेटिंगपासून पेन्सिलीपर्यंतचं तिरकं अंतर. या भागाकाराला दोन रेषांमधल्या अंतराने गुणा. मिलिमीटरला ५०० रेषा असतील तर ते अंतर २००० नॅनोमीटर, इंचाला १५,००० असतील तर १६९३ नॅनोमीटर.

पाचव्या पायरीत बरेच जण सरळ ५० सेंटिमीटरनेच भागतात. म्हणजे साइनऐवजी टॅन्जंट घेतात. ६३० नॅनोमीटरच्या एलईडीला पट्टा १६.६ सेंटिमीटरवर दिसतो. १६.६ भागिले ५० केलं तर उत्तर ६६४ येतं, पाच टक्के जास्त. तिरकं अंतर ५२.७ आहे, त्याने भागलं की ६३०. निळ्याला हीच चूक तीन टक्क्यांच्या आसपास होते. प्रत्येक रंगाला वेगळी चूक, म्हणजे पुन्हा चढच बिघडतो.

सावधान: जांभळ्या किंवा ३९५-४०० नॅनोमीटरच्या एलईडीकडे जवळून टक लावून बघू नका. तो दिसतो अंधुक, पण बाहेर पडणारा प्रकाश दिसतो त्याहून पुष्कळ जास्त असतो. त्याची आणि अवरक्तची तरंगलांबी डेटाशीटवरूनच घ्या. अवरक्त पेटतोय का, हे बघायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा बहुधा कामी येतो.

वहीत प्रत्येक एलईडीसमोर तरंगलांबी लिहून झाली की वारंवारता काढून ठेवा. २.९९८ × १०^८ भागिले मीटरमधली तरंगलांबी. ताडून बघण्यासाठी: ९४० ला ३.१९, ६६० ला ४.५४, ६३० ला ४.७६, ५९० ला ५.०८, ४७० ला ६.३८, ४०० ला जवळपास ७.५. सगळे आकडे गुणिले १०^१४ हर्ट्झ.

टप्पा ४: जोडणी, सेल सर्वांत शेवटी

१. पॉट ब्रेडबोर्डवर असा बसवा, की तिन्ही पाय वेगवेगळ्या ओळींत येतील.

२. पॉटच्या मधल्या पायापासून वायर एलईडीच्या लांब पायाच्या ओळीत.

३. एलईडीचा आखूड पाय दुसऱ्या ओळीत. तिथून १० के रेझिस्टर.

४. रेझिस्टरचं दुसरं टोक पॉटच्या एका कडेच्या पायाला. हीच ओळ पुढे सेलच्या ऋण टोकाला जाणार आहे.

५. पॉटचा दुसऱ्या कडेचा पाय सेलच्या धन टोकासाठी मोकळा ठेवा.

६. नॉब ऋण टोकाकडे पूर्ण फिरवा. मग होल्डरच्या वायरी लावा.

सावधान: सेलची एक वायर पॉटच्या मधल्या पायाला आणि दुसरी कडेला लावली, तर नॉब एका टोकाला नेताच सेल शॉर्ट होतात. पॉटमधून बारीक धूर येतो, कार्बनचा पट्टा जळतो आणि तो पॉट पुन्हा भरवशाचा राहत नाही. सेलच्या वायरी नेहमी कडेच्या दोन पायांना.

ब्रेडबोर्डची आणखी एक खोड: पाच भोकांची एक ओळ आतून जोडलेली असते, मधली खाच ओलांडली की जोड तुटतो. लांब बोर्डवर कडेची लाल-निळी पट्टी अर्ध्यात तुटलेली असू शकते. ‘सगळं बरोबर आहे पण काहीच होत नाही’ अशी अवस्था असेल तर आधी तिथे बघा.

मल्टिमीटरचा लाल प्रोब व्होल्ट-ओहमच्या भोकात, काळा ‘कॉम’मध्ये. डायल २० व्होल्ट डीसीवर. या प्रयोगात धारेच्या रेंजला हातसुद्धा लावायचा नाही. आदल्या प्रयोगातला लाल प्रोब १० ॲम्पियरच्या भोकात राहिलेला असतो, तो सेलवर टेकवला की सेल थेट शॉर्ट होतात. मिलिॲम्पियरच्या रेंजवर तेच केलं तर मीटरचा फ्यूज उडतो. मीटरच्या डिस्प्लेवर बॅटरीची खूण दिसत असेल तर आधी त्याची ९ व्होल्टची बॅटरी बदला. ती उतरली की स्वस्त मीटर चुकीचे आकडे तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतो.

टप्पा ५: वाचन घेण्याआधी तीन तपासण्या

तांबडा एलईडी लावून करा.

पहिली: नॉब शून्यावर असताना रेझिस्टरवरचं व्होल्टेज ०.०० हवं. भरपूर येत असेल तर नॉबची दिशा उलटी आहे. पॉटच्या कडेच्या दोन पायांवर उलटसुलट झालं असेल.

दुसरी: नॉब पूर्ण फिरवा. रेझिस्टरवर साधारण ४.२ व्होल्ट दिसायला हवेत, म्हणजे सेलचे ६ वजा एलईडीचे पावणेदोन-एक. तिथे पूर्ण ६ आले तर एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले आहेत. ० आले तर एलईडी उलटा आहे किंवा कुठेतरी वायर सुटली आहे. उलटा असेल तर नॉब मागे शून्यावर आणूनच काढा. बहुतेक एलईडींना उलट दिशेने ५ व्होल्टपर्यंतचीच मुभा असते.

तिसरी: नॉब मधोमध ठेवा. एलईडीवरचं व्होल्टेज अधिक रेझिस्टरवरचं व्होल्टेज, यांची बेरीज पॉटच्या मधल्या पायापासून ऋण टोकापर्यंतच्या व्होल्टेजइतकी आली पाहिजे. ०.०३ पेक्षा जास्त फरक असेल तर कुठलातरी जोड सैल आहे. ही तपासणी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळतात आणि नंतर अर्धा तास सैल वायर शोधत बसतात.

टप्पा ६: वाचनं

१. पहिला एलईडी लावा. काळ्या कागदाची छोटी नळी करून त्यावर घाला. एलईडीवर प्रकाश पडला की तो स्वतःच थोडी धारा तयार करतो. ट्यूबलाइटमध्ये हा परिणाम नगण्य, खिडकीतल्या थेट उन्हात मात्र जाणवतो.

२. मल्टिमीटर रेझिस्टरवर. नॉब खालून वर नेत १.०० व्होल्टवर थांबवा. पुढे गेलात तर बरंच मागे येऊन पुन्हा खालूनच या, कार्बनच्या पॉटला दोन दिशांना थोडा वेगळा स्वभाव असतो.

३. मल्टिमीटर एलईडीवर न्या. दोन-तीन सेकंदांनी आकडा स्थिरावला की लिहा.

४. मल्टिमीटर पुन्हा रेझिस्टरवर. अजून ०.९८ ते १.०२ च्या दरम्यान आहे ना? नसेल तर वाचन रद्द.

५. हेच रेझिस्टरवर ०.५० आणि २.०० व्होल्ट ठेवून करा. म्हणजे ५०, १०० आणि २०० मायक्रोॲम्पियर असे तीन संच.

६. नॉब शून्यावर. मगच एलईडी बदला.

७. सगळे झाल्यावर पहिला एलईडी पुन्हा लावून १.०० चं वाचन घ्या. आधीच्यापेक्षा ०.०१ हून जास्त फरक नको.

सगळी वाचनं २० व्होल्टच्याच रेंजवर घ्या. तांबड्याला २००० मिलिव्होल्टची रेंज आणि निळ्याला २० व्होल्टची, असं केलं तर तांबड्याचा एक आकडा जास्त मिळतो खरा, पण दोन रेंजांमधला फरक बिंदूंच्या मधे शिरतो.

एलईडी बोटात धरून ठेवू नका. धारा कायम असताना एलईडीचं व्होल्टेज अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतं. बोटांच्या उबेने किंवा पंखा मधेच चालू केल्याने शेवटचा आकडा सरकू शकतो. सगळी वाचनं एका बैठकीत उरका.

तपासणी. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते: ९४० ला १.३२, ६३० ला १.९७, ५९० ला २.१०, ४७० ला २.६४. शंभर मायक्रोॲम्पियरला तुमचं व्होल्टेज या आकड्यापेक्षा ०.१ ते ०.४ ने कमी असायला हवं. जास्त आलं तर एलईडीच्या आत रेझिस्टर आहे, किंवा तो फॉस्फरचा आहे, किंवा प्रोब एलईडी आणि रेझिस्टर दोन्हींच्या पलीकडे टेकवले आहेत, किंवा तरंगलांबीच चुकली आहे. हे सगळं नसेल तर मग एलईडी बदलून बघा.

कमी व्होल्टेज देऊनही जास्त ऊर्जेचा फोटॉन कसा निघतो, हा तोंडी परीक्षेचा आवडता प्रश्न आहे. उरलेली ऊर्जा उष्णतेतून येते. सगळे इलेक्ट्रॉन सारख्या ऊर्जेचे नसतात, जास्त ऊर्जेचे मोजके असतात तेच आधी अडथळा ओलांडतात.

आणि डेटाशीटमधलं ‘फॉरवर्ड व्होल्टेज’ वाचन म्हणून वापरू नका. ते बहुतेक वेळा २० मिलिॲम्पियरचं असतं. त्यात चिपच्या आणि तारांच्या अंतर्गत रोधावर पडणारं व्होल्टेज मिसळलेलं असतं. निळ्याला तिथे ३ व्होल्टच्या वर आकडा दिसतो तो त्यामुळेच.

टप्पा ७: आलेख

आडव्या अक्षावर वारंवारता (१०^१४ हर्ट्झ), उभ्यावर एलईडीचं व्होल्टेज. बिंदू शंभर मायक्रोॲम्पियरच्या संचातले. आधी हाताने काढा, संगणकावरची शीट नंतर. हाताने काढताना कुठला बिंदू फटकून आहे हे डोळ्याला लगेच कळतं, शीट निमूटपणे त्यालाही रेषेत ओढून घेते.

रेषा सगळ्या बिंदूंच्या मधून काढा. आरंभबिंदूतून ओढून नेऊ नका. सूत्रात व्होल्टेज आणि वारंवारता सम प्रमाणात दिसतात म्हणून हा मोह होतो. वर सांगितलेली ०.१ ते ०.४ व्होल्टची घट रेषेला खाली सरकवते, त्यामुळे ती उभ्या अक्षाला शून्याच्या खाली छेदते, आणि तसंच छेदायला हवं.

एखादा बिंदू फार बाहेर असेल तर तो गपचूप खोडू नका. त्याची तरंगलांबी पुन्हा मोजा, एलईडी कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा, मग कारण लिहून वगळा.

टप्पा ८: हिशेब

चढ काढायला रेषेवरचे दोन लांबचे बिंदू घ्या, वाचनांचे बिंदू नव्हे. पद्धत कळावी म्हणून एक हिशेब करू, तुमचे आकडे वेगळे येतील.

समजा रेषेवर ३.५ × १०^१४ हर्ट्झला १.१८ व्होल्ट आणि ६.० × १०^१४ ला २.२६ व्होल्ट आहेत. फरक १.०८ व्होल्ट आणि २.५ × १०^१४ हर्ट्झ. चढ ४.३२ × १०^-१५. त्याला इलेक्ट्रॉनच्या भाराने, १.६०२ × १०^-१९ ने गुणलं की ६.९२ × १०^-३४ जूल-सेकंद. प्रमाण किंमत ६.६२६ × १०^-३४. फरक ४.४ टक्के. उत्तर ६.९ असं लिहा. ६.९२०६४ लिहिण्याइतकी तुमची तरंगलांबी अचूक नाही.

आता याच रेषेवरून एकट्या तांबड्या एलईडीचा हिशेब करून बघा. ४.७६ × १०^१४ ला रेषेवर १.७२ व्होल्ट येतात. भार गुणिले व्होल्टेज भागिले वारंवारता केलं की ५.७९ × १०^-३४, जवळपास १३ टक्के कमी. वाचन तेच, एलईडी तोच, फक्त रेषा आरंभबिंदूतून गेली असं गृहीत धरलं. सुरुवातीला सांगितलेलं ‘साडेपाच’ बऱ्याचदा इथूनच येतं.

मग ५० आणि २०० मायक्रोॲम्पियरच्या रेषा त्याच कागदावर काढा. तिन्ही रेषा जवळजवळ समांतर हव्यात. धारा दुप्पट केली की रेषा साधारण २० ते ४० मिलिव्होल्टने वर सरकते, चढ फारसा हलत नाही. तीन चढांमधला फरक हाच तुमच्या उत्तरातल्या अनिश्चिततेचा एक अंदाज. चढ धारेबरोबर स्पष्टपणे बदलत असेल तर एखाद्या एलईडीचा वक्र इतरांपेक्षा फार वेगळा आहे. बहुधा निळा किंवा जांभळा. तो काढून अवरक्त, तांबडा, पिवळा एवढ्यांचीच रेषा तपासा.

या पद्धतीने १० टक्क्यांच्या आतलं उत्तर हे चांगलं उत्तर आहे. एक टक्क्याच्या आत आलं तर खूश होण्याआधी आकडेमोड पुन्हा तपासा, चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हाही असं होतं.

उत्तर भलतंच आलं तर

दहाच्या घातात चूक, आकडे बरोबर: नॅनोमीटरचे मीटर करायचे राहिले किंवा चढ काढताना १०^१४ विसरला.

उत्तर ४ × १०^-१५ च्या आसपास: इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणायचं राहिलं. हा आकडा इलेक्ट्रॉन-व्होल्ट-सेकंदांत बरोबरच आहे, एकक तेवढं चुकीचं लिहिलंय.

१५ ते २० टक्के जास्त: तांबडा आणि निळा हे दोनच एलईडी घेतलेत. दोन वेगळ्या पदार्थांचे दोन बिंदू, त्यांच्यातला सगळा फरक चढावर पडतो. अवरक्त आणि पिवळा जोडा.

सगळ्या एलईडींना जवळपास एकच व्होल्टेज: प्रोब एलईडीवर नाहीत, रेझिस्टरवरच राहिलेत. तिथे तुम्ही स्वतःच १.०० लावून ठेवलेला आहे.

निळा-जांभळा २०० मायक्रोॲम्पियरपर्यंत पोचतच नाही: सेल उतरलेत, किंवा १.२ व्होल्टचे रिचार्जेबल आहेत. चार मिळून ४.८ च होतात, आणि जांभळ्याला एलईडीचे जवळपास ३ अधिक रेझिस्टरचे २ लागतात. पाचवा सेल जोडा, नाहीतर त्या संचातून जांभळा वगळा.

वाचन हळूहळू एकाच दिशेला सरकत जातं: पॉटचा मधला पाय सैल आहे किंवा सेल उतरत चाललेत. १ के च्या पॉटमधून ६ मिलिॲम्पियर सतत वाहत असतात, एलईडी बंद दिसला तरी. काम झालं की होल्डरमधला एक सेल काढून ठेवा.